डॅनिशमधले लांबलचक सामासिक शब्द कसे बनतात आणि उच्चारायचे कसे?

असा शब्द शेवटाकडून फोडा. शेवटचा घटक मुख्य, आणि शब्दाचं लिंगही तोच ठरवतो, आपल्या ‘देवघर’सारखं. आधीचे घटक त्याचं वर्णन करतात. लिहिताना मधे जागा सोडायची नाही.

सांध्यावर कधी काहीच नसतं, कधी ‘स’ किंवा ‘ए’ येतो. ‘व्हीन’ म्हणजे वाइन, म्हणून वाइनचा पेला ‘व्हीनग्लास’. पण रेड वाइनचा पेला ‘रोधव्हीनस्ग्लास’! हा ‘स’ मला फार आवडतो: ‘रेड वाइन’ ही जोडी इथे संपली, हे तो सांगतो.

मुख्य आघात पहिल्या घटकावर, पुढे दुय्यम. ‘डान्स्क लेरर’ दोन शब्दांत, दोन्हींवर जोर देऊन म्हटलं तर डेन्मार्कचा शिक्षक. जोडून, फक्त ‘डान्स्क’वर मुख्य जोर दिला तर डॅनिश शिकवणारा, मग तो पुण्याचा का असेना.

शिवाय डॅनिशमध्ये ‘स्टोद’ असतो, म्हणजे घशात आवाज क्षणभर आवळणं. ‘सोल’ (सूर्य) एकटा असताना तो ऐकू येतो, पण ‘सोलस्केन’ (ऊन) म्हणताना ‘सोल’मधला स्टोद गळतो. लांब शब्द ऐकताना इथे मुद्दाम कान द्या.