"मॅडम, मला जेल होईल का?"

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिने हे विचारलं. ती नर्स. रात्रपाळी संपवून थेट माझ्याकडे आली होती. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

शेजारशेजारच्या खाटांवर एकाच आडनावाचे दोन पेशंट होते. एकाची बीपीची गोळी तिने दुसऱ्याला दिली. रिकामी स्ट्रिप ट्रेमध्ये टाकताना तिच्या लक्षात आलं. डॉक्टरांना लगेच सांगितलं, रात्रभर सारखं बीपी घेत राहिली. पेशंटला काही झालं नाही. सकाळी सीनिअर सिस्टर म्हणाल्या, "निभावलं ना? मग चार्टवर कशाला लिहितेस?" तिने लिहिलं नाही. त्याला तीन आठवडे झाले होते. आता ड्यूटी संपवून घरी गेली तरी वॉर्डला फोन करून विचारायची, मी दिलेली औषधं बरोबर होती ना?

तिने एक बातमी वाचली होती. अमेरिकेतल्या टेनेसीत 2017 साली एका नर्सने गुंगीच्या औषधाऐवजी स्नायू लुळे पाडणारं व्हेक्युरोनियम दिलं आणि पेशंट दगावली. 2022 मध्ये नर्सवर गुन्हा सिद्ध झाला. तुरुंग टळला, तीन वर्षांचं प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर राहणं) मिळालं, पण नर्सिंगचं लायसन्स आधीच गेलं होतं.

"आणि मॅडम, तिने तर चूक लगेच कबूल केली होती!"

खरं आहे ते. म्हणून 'खरं सांग, काही होणार नाही' असं मी तिला म्हटलं नाही. त्या खटल्यात सरकारी पक्षाचा भर होता तो औषधं काढून देणाऱ्या मशीनच्या सूचना ओलांडण्यावर आणि कुपीवरचं नाव न वाचण्यावर. हातून चुकणं वेगळं आणि धोका समोर दिसत असताना पुढे जाणं वेगळं, हा फरक फौजदारी प्रकरणात फार मोठा असतो. बहुतेक चुका कोर्टापर्यंत जातच नाहीत. खात्यात चौकशी होते, ताकीद मिळते, कधी प्रकरण नर्सिंग कौन्सिलकडे जातं. पण लपवलेली चूक पुढे उघड झाली, तर तो कोरा चार्टच तिच्याविरुद्ध बोलला असता.

हे सगळं तिने शांतपणे ऐकलं. मग मी विचारलं, "झोप नेमकी कशाने उडाली?"

बराच वेळ ती गप्प होती. "सकाळी ते आजोबा म्हणाले, सिस्टर, रात्री इतक्या वेळा बीपी का घेतलंत? मी म्हटलं, रूटीन आहे. ते म्हणाले, किती काळजी घेता हो तुम्ही."

आणि ती रडायला लागली.

चूक करून बसलेल्या डॉक्टरसाठी अमेरिकेतले डॉक्टर अल्बर्ट वू यांनी 2000 साली 'दुसरा बळी' हा शब्द वापरला, आता तो नर्सेसबद्दलही वापरतात. मला तो पटतो. पण पहिल्या माणसाला काहीच माहीत नसताना दुसऱ्याचीच समजूत काढत बसणं मला जमत नाही. स्वतःच्या शरीरात काय गेलं हे कळण्याचा हक्क त्या आजोबांचा होता.

कायद्याचं आधी वकिलाला विचार, असं मी तिला स्पष्ट सांगितलं. ती विचारून आली. मग इन्चार्ज सिस्टरांना सगळं सांगितलं, इन्सिडंट रिपोर्ट भरला. चार्टवर जुन्या नोंदीत खाडाखोड न करता, नोंद लिहिली त्या दिवशीची तारीख-वेळ घालून 'उशिरा केलेली नोंद' असं लिहिलं. चौकशी अजून चालू आहे.

आजोबा तपासणीला आले तेव्हा डॉक्टरांसोबत तीही गेली. ते आधी चिडले. "तेव्हाच का नाही सांगितलंत?" तिने माफी मागितली. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "कुठली गोळी होती?"

तिने नाव सांगितलं. त्यांनी ते तिच्याकडूनच कागदावर लिहून घेतलं.