मधुमेह असताना डोनट, फ्राइज असलं तळलेलं कायमचं सोडावं लागतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. टाइप २ मधुमेह निघाल्यावर डोनट आणि फ्राइजना कायमचा रामराम ठोकायचा का, ही एक. आणि असलं काही रात्री खाल्लं की दोन तासांनी साखर बरी येते, पण सकाळी उपाशीपोटी चढलेली असते ती का, ही दुसरी. मीही बरीच वर्षं मधुमेह सांभाळतेय आणि तळलेलं मला मनापासून आवडतं. म्हणून आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगते. ते कळलं की पहिल्याचं बरंचसं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल.

नुसता साखरेचा चहा किंवा पांढरा पाव पोटात गेला की साखर तास-दीड तासात वर जाते आणि मग उतरायला लागते. तळणात पिठाबरोबर तेलही जातं, आणि चरबी पोटात गेली की जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. पीठ आणि साखर आतड्यात रेंगाळत उतरतात. त्यामुळे दुसऱ्या तासाचा आकडा सौम्य येतो आणि आपल्याला वाटतं, पचलं! पण साखर यायची अजून बाकी असते. शिवाय चरबी पचून रक्तात वाढलेली मेदाम्लं पुढचे काही तास इन्सुलिनचा परिणाम बोथट करतात. खरी चढण तिसऱ्या ते पाचव्या तासात येते. रात्री नऊला खाल्लंत तर तेव्हा तुम्ही झोपेत असता आणि पहाटे यकृत आपल्या परीने साखर सोडतं ती वर. सकाळचा आकडा असा तयार होतो. (काही न खाताही रोजच सकाळी साखर जास्त येत असेल, तर मात्र दोष डोनटला देऊ नका, औषधांबद्दल डॉक्टरांशी बोला.)

म्हणूनच 'तळलेल्याचा ग्लायसेमिक इंडेक्स (म्हणजे पदार्थ रक्तातली साखर किती झपाट्याने वाढवतो त्याचं माप) कमी असतो, त्यामुळे चालतं' हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. साखर उशिरा आली म्हणजे कमी आली असं होत नाही.

तुमच्या शरीराचं वेळापत्रक शोधायचं असेल तर एखाद्या सुट्टीच्या दिवशी दुपारी, नेहमीची औषधं चालू ठेवून, एकच पदार्थ, माप आधी ठरवून, तेवढाच खा. खाण्याआधी, मग एक, दोन, चार आणि जमलं तर पाच तासांनी बोट टोचून आकडे लिहून ठेवा. मधल्या वेळेत दुसरं काही खाऊ नका, पण साखर घसरली तर अर्थातच प्रयोग सोडा आणि आधी तिच्याकडे बघा. अंगावर चिकटवून सतत साखर मोजणारा सेन्सर लावत असाल तर काम आणखी सोपं. जेवणानंतरची साखर १८० मिलिग्रॅमच्या आत ठेवा, असं बहुतेकांना सांगितलेलं असतं. तुम्हाला वेगळा आकडा दिला असेल तर तो धरा. एवढं करून बघितलंत की माझ्यासारख्या अनोळखी बाईच्या सल्ल्यापेक्षा ती वही जास्त खरं सांगेल.

आता पहिला प्रश्न. नाही, कायमचं सोडावं लागत नाही. पण ते काय चीज आहे ते डोळे उघडे ठेवून बघावं लागतं. मध्यम आकाराच्या एका डोनटमध्ये साधारण २५ ते ३० ग्रॅम कर्बोदकं असतात आणि १५ ग्रॅमच्या आसपास चरबी. १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात नव्वदीच्या आत कॅलरी असतात, तेवढ्याच वजनाच्या फ्राइजमध्ये तीनशेच्या वर आणि वेफर्समध्ये पाचशेच्या वर. बटाटा तोच. तळताना त्यातलं पाणी वाफ होऊन जातं आणि तेल आत शिरतं. काप जितका पातळ तितकं तेल जास्त, म्हणून जाड काप बरे.

एक गोष्ट मला फार उपयोगी पडली आहे. बरंचसं तेल पदार्थ कढईत असताना आत जात नाही, तर बाहेर काढल्यावर जातं. गरम पदार्थाच्या आतली वाफ थंड होऊन आक्रसते आणि बाहेरचं तेल आत ओढून घेते. त्यामुळे काढल्या काढल्या, वाफ निघत असतानाच, झारा झटकून निथळा आणि जाळीवर किंवा कागदावर पसरा. ढीग करून ठेवलेत तर खालचे तेलातच बसतात. तेल नीट तापलेलं हवं, १७० ते १८० अंश. कोमट तेलात पदार्थ मऊ पडतो आणि तेल पितो. एअर फ्रायरने तेल खूप वाचतं हे खरं, पण बटाट्याचा स्टार्च तसाच राहतो, म्हणून मोजमाप बदलत नाही.

मी स्वतः काय करते? तळलेलं आणि गोड हे दोन्ही एकाच पदार्थात असेल तर ते क्वचित, आणि दिवसाउजेडी. रात्री नाही. त्या जेवणात भात, पाव वगैरे दुसरं पीठ घेत नाही. आधी भाजी आणि प्रथिनं, मग तो पदार्थ, पानात वाढून, बसून, सगळ्यांसमोर. चोरून उभ्याने खाल्लेला तुकडा मोजला जात नाही आणि त्याची चवही नीट कळत नाही. नंतर दहा-पंधरा मिनिटं चालते. पिशवीतून थेट खात नाही, कारण पिशवीला तळ दिसेपर्यंत हात थांबत नाही.

आणि हे कृपया लक्षात ठेवा, कारण इथे जिवाशी गाठ असते. साखर ७० च्या खाली गेली, हात थरथरायला लागले, घाम फुटला, तर डोनट किंवा चॉकलेट खाऊ नका. त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो. ग्लुकोजची पावडर किंवा गोळ्या, किंवा साखरेचं पाणी घ्या, साधारण १५ ग्रॅम साखर पोटात जाईल एवढं, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. इन्सुलिन किंवा साखर खाली नेणाऱ्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर 'संध्याकाळी तळलेलं खायचंय' म्हणून दुपारचं जेवण बुडवू नका. इन्सुलिन घेणाऱ्यांची आणखी एक अडचण असते. जेवणाआधीचा डोस लवकर काम करतो आणि तळणाची साखर उशिरा येते, त्यामुळे आधी साखर पडून नंतर चढू शकते. डोस कसा आणि कधी घ्यायचा हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा, अंदाजाने जास्तीचं टोचून घेऊ नका.

काही जणांना मी 'थोडं चालतं' असंही म्हणणार नाही. ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक प्रकारची चरबी) खूप वाढलेले आहेत, स्वादुपिंडाला सूज येऊन गेली आहे, हृदयाचा त्रास नुकताच झालाय, किंवा जठर मुळातच मंद झालंय, असं असेल तर आधी डॉक्टरांची परवानगी घ्या. भूक कमी करणारी सेमाग्लुटाइडसारखी औषधं घेणाऱ्यांना तळलेल्याने मळमळ, उलट्या होऊ शकतात. तेव्हा तुमच्या वहीतले आकडे, खाल्लेल्या पदार्थाचं नाव आणि त्याचं माप पुढच्या तपासणीला सोबत न्या, आणि लिपिडची, म्हणजे रक्तातल्या चरबीची, तपासणी शेवटची कधी झाली तेही त्याच वेळी विचारा.