वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं : अमेरिकेच्या घटनेचा पेपर

प्रश्न : ताई, मी मूळचा नाशिकचा. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो, मग बाबांच्या नोकरीमुळे आम्ही टाम्पाला आलो. आता इथल्या स्टेट कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. फ्लोरिडात सरकारी कॉलेजची पदवी हवी असेल तर ‘फ्लोरिडा सिव्हिक लिटरसी एक्झाम’ ही नागरिकशास्त्राची परीक्षा सहसा पास व्हावी लागते. मी गेल्या महिन्यात बसलो. ८० पैकी ४४ आले आणि पास व्हायला ४८ लागतात. नागरिकत्वाच्या परीक्षेच्या जुन्या यादीतले शंभर प्रश्न मी तोंडपाठ केले होते, पण तसे सरळ प्रश्न फारसे आलेच नाहीत. पुन्हा तेच पाठ करू का? आणि आणखी एक मनातलं विचारतो. मी इथला नागरिक नाही, मला मत देता येत नाही. मग ही परीक्षा माझ्या गळ्यात कशाला? आईला अजून निकाल सांगितलेला नाही.
— एक विद्यार्थी, टाम्पा

उत्तर : आधी आईला सांग. आजच, जेवायला बसाल तेव्हा. चार प्रश्नांनी राहिलास, हे ऐकून तिला वाटेल त्यापेक्षा जास्त वाईट तुला ते लपवताना वाटत असणार. आणि ४४ ही काही कोरी पाटी नाही. पाया आहे, एका जागी घसरतोय. कुठे घसरतोय याचा मला अंदाज आहे, कारण मीही तिथेच घसरत होते.

ही परीक्षा मी २०२३ साली दिली. वय ४७. कोल्हापुरातून राज्यशास्त्र घेऊन बी.ए. केलं होतं आणि इथे हिशेबाच्या पदवीसाठी पुन्हा कॉलेजात नाव घातलं होतं. पहिली सराव प्रश्नपत्रिका सोडवली आणि चुकलेल्या प्रश्नांवर लाल पेनाने खुणा केल्या. त्या खुणांकडे अर्धा तास बघत बसल्यावर लक्षात आलं, की मला माहीत नव्हतं म्हणून चुकलेले प्रश्न थोडेच होते. बाकीच्या ठिकाणी मी उत्तर दिलं होतं ते भारताच्या घटनेचं. प्रश्न नीट वाचायच्या आत आपलं नागरिकशास्त्र पुढे येऊन बोलून गेलं होतं.

आता मी कॉलेजच्या शिकवणी कक्षात आठवड्यातून दोन संध्याकाळी बसते. आपली मुलं आली की मी आधी एका कागदावर मधोमध रेघ ओढायला लावते. डावीकडे आपलं, उजवीकडे इथलं. आपल्याकडे जे अधिकार कुठल्याच सूचीत नाहीत, ते केंद्राकडे जातात. इथे बरोबर उलटं आहे. १७९१ ची दहावी घटनादुरुस्ती सांगते, की जे अधिकार घटनेने केंद्राला दिलेले नाहीत आणि राज्यांना नाकारलेले नाहीत, ते राज्यांकडे किंवा लोकांकडे राहतात. एवढी एक ओळ डोक्यात पक्की बसली तरी बरेच प्रश्न सुटतात. आपल्याकडे मंत्री व्हायचं तर सभागृहाचं सदस्य असावं लागतं, नसेल तर सहा महिन्यांत व्हावं लागतं. इथे खातं सांभाळणाऱ्याला काँग्रेसचं, म्हणजे प्रतिनिधिगृह आणि सिनेट मिळून होणाऱ्या इथल्या संसदेचं, सदस्य राहताच येत नाही. आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतात, इथला गव्हर्नर लोक निवडून देतात. अविश्वास ठराव इथे नाहीच. राष्ट्राध्यक्षाला मुदतीआधी काढायचं तर महाभियोग : आरोप ठेवणार प्रतिनिधिगृह, चौकशी करून निकाल देणार सिनेट, आणि दोषी ठरवायला तिथे दोन-तृतीयांश मतं लागतात. आपल्या कित्येक घटनादुरुस्त्या एकट्या संसदेत होऊन जातात. इथे दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतांनी प्रस्ताव संमत झाला तरी पुढे तीन-चतुर्थांश राज्यांची, म्हणजे ५० पैकी ३८ राज्यांची मान्यता लागते. म्हणून आजवर अवघ्या २७ झाल्या.

काही ठिकाणी मात्र आपलं ज्ञान थेट उपयोगी पडतं. पूर्वी इथले सिनेटर राज्यांची विधिमंडळं निवडायची. माझ्या शेजारी बसणाऱ्या इथल्या मुलीला हे काही केल्या पटत नव्हतं. आपल्याला लगेच कळतं, कारण राज्यसभेचे खासदार आजही आमदारच निवडतात. इथे ते १९१३ च्या सतराव्या दुरुस्तीने बदललं आणि सिनेटर थेट लोकांच्या मतांनी निवडून यायला लागले.

आता शंभर प्रश्नांविषयी. ते वाया गेले नाहीत, पण ती परीक्षा वेगळी आहे. तिथे अधिकारी विचारतो, घटना कधी लिहिली गेली? तू म्हणतोस, १७८७, झालं. इथे ८० बहुपर्यायी प्रश्न आणि १६० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत बऱ्याचदा एक जुना उतारा वाचायचा असतो आणि त्यातला विचार कुठल्या तत्त्वाशी जुळतो ते ओळखायचं असतं. समजा उतारा आला ‘फेडरलिस्ट’च्या, म्हणजे घटनेच्या समर्थनार्थ तेव्हा लिहिलेल्या निबंधमालेच्या, ५१ व्या निबंधातला. त्याचा लेखक मॅडिसन म्हणतो, एकाची महत्त्वाकांक्षा दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेने रोखली गेली पाहिजे. आणि विचारलं, हे कशाचं समर्थन आहे? पर्यायांत सत्ताविभाजन आणि परस्परनियंत्रण असेल, संघराज्य असेल, लोकांचं सार्वभौमत्व असेल, न्यायालयीन पुनर्विलोकन असेल. चारही शब्द तुला पाठ असतील, तरी उतारा कळला नाही तर नेम चुकतो.

म्हणून मूळ मजकूर वाच. अमेरिकेची मूळ घटना अवघी सात कलमांची आहे, एका दुपारी वाचून होते. आपली घटना स्वीकारली तेव्हाच ३९५ कलमं होती, त्यामुळे घटना म्हटलं की आपण आधीच धास्तावतो. इथे तसं काही नाही. मोठ्याने वाच. अठराव्या शतकातली वाक्यं लांबलचक असतात, डोळ्यांना सापडत नाहीत ती कानांना सापडतात. मी भाजी चिरताना मुलाकडून वाचून घ्यायचे आणि प्रत्येक कलमानंतर त्याला मराठीत सांगायचे, बघ, याचा अर्थ असा. मराठीत सांगता आलं नाही तर कळलंच नाही, असं धरायचं आणि परत वाचायचं. सुरुवातीचे ‘आम्ही लोक’ हे शब्द आले तेव्हा तो थांबला आणि म्हणाला, हे तर आपल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर असायचं. ‘आम्ही, भारताचे लोक’. बालभारतीच्या प्रत्येक पुस्तकात तूही ते वाचलं आहेस. त्यानंतर स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाच, १७७६ चा. राजाविरुद्धच्या तक्रारींची यादी मुलं वगळतात. ती वगळू नकोस, कारण पुढे घटनेत जे जे आलं, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ त्या तक्रारींत सापडतं. फेडरलिस्टचे निबंध ८५ आहेत, सगळे वाचायची गरज नाही. १०, ५१ आणि ७८ हे तीन नीट वाच : गटबाजी, परस्परनियंत्रण आणि न्यायालय.

सरावासाठी फ्लोरिडाच्या शिक्षण खात्याने नमुना प्रश्नपत्रिका दिली आहे, फुकट आहे. ती नुसती सोडवून गुण मोजू नकोस. दहावीला आपल्याला प्रश्न यायचा : ‘विधान चूक की बरोबर ते सकारण स्पष्ट करा.’ नेमकं तेच इथे कर. बरोबर पर्यायासाठी एक ओळ लिही आणि चुकलेल्या तिन्ही पर्यायांसाठीही एकेक ओळ लिही, तो का चूक ते. दिवसाला दहाच प्रश्न होतील, होऊ देत. माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये मी हा फरक डोळ्यांनी पाहिला आहे. जी मुलं ‘सकारण’ लिहितात ती परीक्षेत दोन पर्यायांमध्ये अडकून बसत नाहीत. आणि इथे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नकोस.

परीक्षेचे चार भाग आहेत आणि प्रत्येकात २० प्रश्न. तुझा कच्चा भाग बहुधा शेवटचा असणार, न्यायालयाचे निवाडे आणि कायदे. नावं आणि सनं पाठ केली की ती एकमेकांत मिसळतात. माणूस लक्षात ठेव. माझ्या लक्षात सगळ्यात आधी राहिला तो क्लॅरेन्स गिडियन, कारण तो आपल्याच फ्लोरिडातला, पनामा सिटीचा. १९६१ मध्ये एका पूलरूममध्ये घुसून चोरी केल्याचा आरोप त्याच्यावर आला. वकिलाला पैसे नव्हते. कोर्टाकडे वकील मागितला तर उत्तर मिळालं, की फ्लोरिडात फाशीची शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यातच सरकार वकील देतं. त्याने स्वतःच बाजू मांडली आणि पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातून त्याने पेन्सिलीने अर्ज लिहून सर्वोच्च न्यायालयाला पाठवला. १९६३ मध्ये न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की गंभीर फौजदारी खटल्यात गरीब आरोपीला सरकारने वकील द्यायलाच हवा. खटला परत चालला, या वेळी वकील होता, आणि गिडियन सुटला. आमच्या शिकवणी कक्षात हैतीहून आलेली एक मुलगी आहे. ही गोष्ट ऐकल्यावर तिने आरोपीला वकिलाचा हक्क देणारं सहाव्या दुरुस्तीचं कलम स्वतःच उघडून वाचलं. निवाडे असेच वाचायचे. घटनेविरुद्धचा कायदा न्यायालय रद्द करू शकतं हे सांगणारा १८०३ चा मार्बरी, वंशानुसार वेगळं ठेवायला मान्यता देणारा १८९६ चा प्लेसी आणि त्याला उलथवणारा १९५४ चा ब्राउन, पोलिसांना आरोपीला त्याचे हक्क सांगायला लावणारा १९६६ चा मिरांडा, दंडाला काळी फीत बांधून शाळेत गेलेल्या मुलांचा १९६९ चा टिंकर. प्रत्येकात एक माणूस काहीतरी मागतोय. काय मागतोय आणि घटनेच्या कुठल्या ओळीवर बोट ठेवून मागतोय, एवढंच वहीत लिही.

आता तुझा दुसरा प्रश्न. तो तू भीत भीत विचारलास, पण मला तोच महत्त्वाचा वाटतो.

सॅन फ्रान्सिस्कोत एकोणिसाव्या शतकात चिनी माणसं कपडे धुण्याचे धंदे करायची. शहराने नियम केला, की लाकडी इमारतीत असा धंदा चालवायचा तर परवाना हवा. मग सुमारे २०० चिनी अर्जदारांना परवाने नाकारले आणि इतरांना, एखादा अपवाद वगळता, सगळ्यांना दिले. यिक वो नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका धंदेवाल्याला तुरुंगात टाकलं. तो अमेरिकेचा नागरिक नव्हता. १८८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की चौदाव्या दुरुस्तीतलं समान संरक्षण ‘कोणत्याही व्यक्ती’साठी आहे, फक्त नागरिकांसाठी नाही. मतदान वेगळं. पण तुला पोलिसांनी थांबवलं, सरकारी कॉलेजात काही झालं, तर त्या ‘व्यक्ती’ शब्दात तू आहेस, तुझी आई आहे. हे माहीत असणं आणि नसणं यात इथे राहणाऱ्या परक्या माणसासाठी फार अंतर आहे. मी आठ वर्षं ते माहीत नसताना इथे राहिले, आणि एका कामाच्या ठिकाणी जे बोलायला हवं होतं ते बोलले नाही.

आणि आपली घटना उघड. कलम १४ : राज्य कोणत्याही व्यक्तीला कायद्यापुढे समानता आणि कायद्याचं समान संरक्षण नाकारणार नाही. तिथेही ‘व्यक्ती’ आहे, ‘नागरिक’ नाही, आणि ‘कायद्याचं समान संरक्षण’ हे शब्द अमेरिकेच्या याच चौदाव्या दुरुस्तीतले आहेत. मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. तुझ्या कागदावर त्या मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना हा एक शब्द लिहून ठेव.

पुन्हा कधी बसता येईल ते तुझ्या कॉलेजच्या टेस्टिंग सेंटरला विचार आणि मधे सहा आठवडे ठेवून तारीख घे. परीक्षेच्या आदल्या रात्री नवीन काही वाचू नकोस. रेघ ओढलेला तो कागद एकदा बघ आणि झोप. निकाल मला कळव, मी वाट बघते आहे.

प्रश्न : माझी मुलगी जॅक्सनव्हिलला अकरावीत आहे. कॉलेजातल्या या परीक्षेसाठी तिने आत्ताच काही करायला हवं का?
— एक आई

उत्तर : हो, आणि तुमचं काम सोपं आहे. २०२१ च्या कायद्यापासून फ्लोरिडातल्या हायस्कूलमध्ये ‘युनायटेड स्टेट्स गव्हर्नमेंट’ हा विषय घेणाऱ्या मुलांना हीच परीक्षा द्यावी लागते. ती तिथे पास झाली तर कॉलेजात पुन्हा बसावं लागत नाही. मात्र कॉलेजातला घटनेचा किंवा इतिहासाचा विषय घ्यावा लागतोच. परीक्षा किंवा विषय यांपैकी एक केलं की भागतं, हा नियम जुना झाला. तिचं शाळेतलं त्या विषयाचं पुस्तक वर्षाअखेरीस रद्दीत घालू नका.