कयाकच्या वल्ह्याचं कार्बन फायबरचं पातं घरी बनवायचंय. व्हॅक्यूम पंप नाहीये, तरी जमेल का? आणि कापडाचे किती थर द्यावेत?

जमेल की. पंपाचं काम एवढंच की थरांवर घातलेल्या प्लास्टिकखालची हवा ओढायची, म्हणजे थर दाबून बसतात. हा प्रश्न बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण याच पंपावरून मी चारचौघांत ऐकून घेतलंय.

माझी पहिली जोडी तयार झाली आणि मी ती पाण्यावर घेऊन गेलो, तर आमच्यातले एक सीनियर, वयानेही मोठे आणि वल्हवण्यातही, त्यांनी पातं हातात घेतलं, नखाने टकटक केलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पंप न लावता केलेलं कार्बन म्हणजे नुसता काळा रंग." वाकवून बघितलं नाही, पाण्यात घालून बघितलं नाही, वजन किती तेही विचारलं नाही. मोठ्या माणसाला उलट बोलायचं नाही म्हणून गप्प बसलो, पण लागायचं ते लागलंच.

आता हिशोब बघा. पातं साधारण ६५० चौरस सेंटीमीटरचं धरा, कापड २०० ग्रॅमचं, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन २०० ग्रॅम. एका थराला कापड लागतं १३ ग्रॅम, चार थरांना ५२. हाताने नीट काम केलं तर कापडाच्या वजनाइतकंच रेझिन (कापड भिजवून कडक करणारं इपॉक्सी) त्यात राहतं, म्हणजे एकूण १०४ ग्रॅम. पंप लावून रेझिन एकूण वजनाच्या ४० टक्क्यांवर आणलंत तर तेच ८७ च्या आसपास येतं. पंपाची कमाई १७ ग्रॅम! आणि अंदाजाने ओतत बसलात, कापडाच्या दुप्पट रेझिन गेलं, तर १५६. वजन वाढतं ते या ओतण्यामुळे आणि ते थांबवायला पंप लागत नाही, वजनकाटा लागतो.

कार्बनची खोड अशी की काचेचं कापड भिजलं की पारदर्शक होतं, कोरडा भाग लगेच कळतो, कार्बन मात्र कोरडंही काळं आणि ओलंही काळं. म्हणून मी साच्यावर कापड टाकून वरून ब्रशने रेझिन कधीच लावत नाही. टेबलावर जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर कापड, त्यावर मोजून घेतलेलं रेझिन (किंचित जास्त, थोडं प्लास्टिकलाच चिकटून राहतं), वरून दुसरा प्लास्टिकचा कागद, आणि मग पट्टीने मधून कडेकडे दाबत न्यायचं. दिवा तिरपा धरला की कोरडी जागा राखाडी, मंद दिसते आणि भिजलेली चकाकते. उलटं करून मागची बाजूही तशीच बघायची, मागेच कोरडं राहतं बहुतेक वेळा. मग प्लास्टिकसकट कात्रीने आकार कापायचा, म्हणजे कडेचे धागे सुटत नाहीत, एका बाजूचं प्लास्टिक सोलून कापड साच्यावर बसवायचं, मग दुसरं सोलायचं. सगळे थर झाले की वर पील प्लाय (रेझिन सुकल्यावर सोलून काढायचं कापड), जास्तीचं रेझिन शोषायला टिश्यू पेपर, त्यावर प्लास्टिक आणि मऊ फोम आणि त्यावर वाळूच्या पिशव्या. साध्या वळणाच्या पात्याला एवढा दाब पुरतो. पील प्लाय टाळू नका, पुढचं घासकाम निम्म्यावर येतं.

आता थरांचं. सगळे हेच विचारतात आणि गळ्याबद्दल कुणी विचारत नाही, घरची पाती मोडतात ती मात्र गळ्यात, जिथे दांडा संपतो आणि पातं सुरू होतं. दांडा एकदम कापून पात्याला चिकटवला की सगळा ताण त्या एका रेषेवर येतो आणि कार्बन काही आधी वाकून इशारा देत नाही, सरळ कडकन जातं. दांड्याचं टोक तिरकं निमुळतं कापा, ते पात्याच्या लांबीच्या एक तृतीयांशपर्यंत आत जाऊ द्या, पाठीचा कणाही तोच होतो. वरून जे जादा थर द्याल ते एकाच जागी संपवू नका, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा पुढे जाऊन संपला पाहिजे. माझ्या जोडीचा गळा असाच आहे आणि ती अजून वापरात आहे. त्या सीनियरना परत कुठे विषय निघाला तर मी गळाच दाखवणार आहे.

थर किती, तर फोमचा गाभा असेल तर दोन्ही बाजूंना दोन-दोन पुरतात, एक उभा-आडवा आणि एक ४५ अंशात तिरका, तिरका नसेल तर पातं पिळवटतं. गाभा नसेल तर चार कमी पडतील, हाताने लावलेला एक थर जेमतेम पाव मिलिमीटरच्या थोडा वर जातो, म्हणजे चार मिळून एक मिलिमीटरच्या जरा पुढे. मधल्या पट्ट्यात आणखी दोन-तीन द्या. दगडांवर घासणार असाल तर कडेला काचेच्या कापडाची किंवा केवलारची पट्टी घालाच.

पंपाने काहीच फरक पडत नाही असं म्हणत नाहीये हं. हवेचे बुडबुडे कमी राहतात, थर जास्त घट्ट बसतात, आणि शर्यतीचं विंग पातं करायचं असेल, त्या खोल वळणाला, तर पंप घ्याच, तिथे वाळूच्या पिशव्या सगळीकडे सारख्या दाबत नाहीत. पण पहिल्याच पात्यासाठी पंप घेऊ नका, त्याच पैशात चांगलं इपॉक्सी आणि एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा काटा घ्या.

आणि हो, ग्लोव्ह्ज घाला, इपॉक्सी कातडीला लागत राहिलं की एक दिवस अ‍ॅलर्जी होऊ शकते, ती मग जात नाही. घासताना मास्क लावा आणि पाणी मारत घासा. वरून यूव्ही रोखणारं वॉर्निश द्या, नुसतं इपॉक्सी उन्हात टिकत नाही. दांडा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर त्याच्या आणि कार्बनच्या मध्ये काचेच्या कापडाचा एक थर घाला, खाऱ्या पाण्यात दोघं थेट चिकटून राहिले की अ‍ॅल्युमिनियम सडतं, आणि तेही आतून, सांध्यात, जिथे तुम्हाला दिसणार नाही.