विज्ञान न शिकलेल्या माणसाने निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेचे सभासद व्हावे का?

आपण विचारले आहे की, शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि पक्ष्यांची आवड नुकतीच लागलेली, अशा स्थितीत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद झाल्यास आपण तिथे परके तर ठरणार नाही ना. मी स्वतः हिशेबाच्या कामातला माणूस असून काही वर्षांपासून सभासद आहे, म्हणून उत्तर देतो.

पदवीचा धसका घेऊ नये. १५ सप्टेंबर १८८३ रोजी ज्या आठ जणांनी ही संस्था स्थापन केली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे डॉक्टर होते, तर ई. एच. एटकेन जकात व मीठ खात्यात नोकरीला होते. आणि पुढच्याच वर्षी संस्थेला जागा मिळाली ती फिप्सन नावाच्या मद्यविक्रेत्याच्या पेढीत. (संस्थेत पाळलेला 'विल्यम' नावाचा धनेश पक्षी पुढे संस्थेच्या बोधचिन्हावर जाऊन बसला.) हौसेने पाहणाऱ्यांनीच हा संसार उभा केला आहे.

खरा लाभ जाणत्या माणसाबरोबर चालण्यात आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील माझ्या पहिल्या पक्षीनिरीक्षण फेरीत 'टुक्, टुक्' असा आवाज सारखा कानावर येत होता आणि मी दुर्बीण घेऊन भलत्याच झाडांत शोधत होतो. सोबतच्या आजोबांनी सांगितले की, तांबट पक्षी ओरडताना मान इकडेतिकडे वळवतो, त्यामुळे आवाजाची दिशा फसवते. पानांत न पाहता शेंड्यावरची वाळकी फांदी पाहा. तो तिथेच होता, चोच मिटलेली आणि प्रत्येक 'टुक्'बरोबर गळा फुगत असलेला. चित्रे पाहून मला तांबट ओळखता येत होता, सापडत मात्र नव्हता.

चुका होतात, त्यांची लाज बाळगू नये. कोकिळेच्या ठिपकेदार तपकिरी मादीची नोंद मी कित्येक दिवस 'लहान ससाणा' अशी करीत होतो. ती चूक लक्षात आली, कारण वहीत तारीख, वेळ, झाड आणि पक्षी काय करीत होता हे लिहिलेले होते: ससाणा उंबराची फळे कशाला खाईल?

म्हणून आधी वही घ्यावी. दुर्बीण सुरुवातीला उसनी चालते. घ्यायचीच झाल्यास ८×४० पुरे, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि पुढची भिंगे ४० मिलिमीटर व्यासाची. मोठ्या कॅमेऱ्याची घाई करू नये, कारण तो हातात आला की माणूस घरट्याच्या फार जवळ जाऊ लागतो, हे मी वारंवार पाहिले आहे. शक्य असल्यास सभासदत्वाचा अर्ज भरण्यापूर्वी एखाद्या फेरीला जाऊन यावे, आणि ती पहिली फेरी हिवाळ्यात करावी. तेव्हा स्थलांतरित पक्षी आलेले असतात आणि पानगळीमुळे ते दिसतातही.