गॅलरीतल्या कढीपत्त्यापासून सुरुवात करा

निसर्गाच्या जवळ राहायचे म्हणून आपण एकदम दहा कुंड्या, खताचा डबा आणि पक्ष्यांची घरटी मागवण्याच्या बेतात आहात, असे आपल्या प्रश्नावरून दिसते. उत्साह ठेवा, खरेदी मात्र थांबवा. पहिल्या वर्षी एवढेच करा.

१. चार-पाच तास ऊन येईल अशा जागी कढीपत्त्याची किंवा लिंबाची एक कुंडी ठेवा. काही दिवसांनी पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा ठिपका आढळेल. ती फुलपाखराची अळी असते. मोठी झाल्यावर ती हिरवी होते आणि डिवचल्यास डोक्यामागून लालसर किंवा नारिंगी शिंगे बाहेर काढून उग्र वास सोडते. इथेच बहुतेक नवशिके घाबरून फवारणी करतात. करू नका, पाने कुरतडली गेली तरी झाड पुन्हा फुटते. (फोडणीपुरती पाने बाजारातून आणावीत, त्यात कमीपणा नाही.) महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेले नीलवंतही लिंबूवर्गीय झाडांवरच अंडी घालते.

२. पक्ष्यांसाठी उथळ मातीचे भांडे ठेवा आणि त्यातले पाणी रोज बदला, कारण साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात.

३. कुंडीतली वाळलेली पाने केरात न टाकता मातीवरच पसरा.

कंपोस्टचा विषय मी मुद्दाम टाळला आहे. पहिली अळी कोषात गेली की विचारा, मग त्यावर सविस्तर लिहीन.