इनोउए-नाकातानी: ही जोड आत्ताच लागली पाहिजे

प्रश्न: दादा, २७ डिसेंबर २०२५ ला रियाधमध्ये जपानचा बॉक्सर नाओया इनोउएने मेक्सिकोच्या अ‍ॅलन पिकासोला हरवलं, पण पूर्ण १२ राऊंड खेळून पॉइंट्सवर. सप्टेंबरात नागोयाला उझबेकिस्तानच्या अखमादालिएवसोबत पण तेच झालं. लागोपाठ दोन फाइटमध्ये नॉकआऊट नाही. आमच्या ग्रुपवर सगळे म्हणतायत 'मॉन्स्टर' (इनोउएचं टोपणनाव) संपला, तुम्हाला काय वाटतं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: तुम्ही कोल्हापूरचे, तिथं निकाली कुस्ती झाल्याशिवाय माणूस मैदानातून उठत नाही, त्यामुळे तुमच्या ग्रुपचा राग मला समजतो. पण या दोन फाइट एकाच मापाने मोजू नका. रियाधची फाइट साधीच झाली, हे मीपण मान्य करतो. तीन जजेसनी १२०-१०८, ११९-१०९, ११७-१११ असे मार्क दिले म्हणजे जिंकला आरामात, पण ठोशांमध्ये नेहमीची धार नव्हती आणि पिकासो शेवटपर्यंत उभा राहिला. २०२५ मधली ही त्याची चौथी फाइट होती हो! जानेवारीत टोकियो, मे मध्ये लास वेगास, सप्टेंबरात नागोया आणि डिसेंबरात रियाध. आजकालचे मोठे चॅम्पियन वर्षाला दोनदा रिंगमध्ये उतरले तरी खूप.

नागोयाबद्दल मात्र मी कुणाचंच ऐकून घेणार नाही. माझ्या मते ती इनोउएची आजवरची सगळ्यात चांगली फाइट आहे, नॉकआऊट धरूनसुद्धा. का ते सांगतो. मे मध्ये वेगासला रॅमॉन कार्डेनाससमोर दुसऱ्या राऊंडमध्ये त्याने जोरात डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) मारला, तो चुकला, अंग वळलेलं तसंच राहिलं आणि त्याच क्षणी कार्डेनासचा डावा हुक येऊन बसला, साहेब खाली. उठला, पुढे आठव्या राऊंडमध्ये फाइट संपवली, ते ठीक. पण त्याच्या आदल्या वर्षी टोकियो डोममध्ये लुइस नेरीने पण पहिल्याच राऊंडमध्ये त्याला डाव्या हातानेच पाडलं होतं, म्हणजे दुखणं जुनं होतं. मग नागोयाला अखमादालिएवसारखा डावखुरा समोर, रिओ ऑलिम्पिकचा ब्राँझवाला, हातात ताकद असलेला, आणि इनोउएने काय केलं तर स्वतःची खाज आवरली! आत शिरायचं, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) नाहीतर पोटात उजवा मारायचा आणि समोरच्याचा हात निघेपर्यंत बाहेर. बारा राऊंड हेच. अखमादालिएवचे ठोसे हवेत जात होते. जजेसचे मार्क ११८-११० दोनदा आणि ११७-१११. बत्तिसाव्या वर्षी, २७ नॉकआऊट खिशात असताना, सवय मोडून वेगळं खेळणं ही संपलेल्या माणसाची लक्षणं नाहीत.

प्रश्न: इनोउएच्या जपानच्याच जुन्तो नाकातानीबरोबरच्या फाइटची एवढी चर्चा आहे, पण त्याच रात्री रियाधमध्ये सेबास्टियन हर्नांडेझने नाकातानीला चांगलंच रडवलं की. मग आता ही फाइट व्हावी का? जिंकेल कोण?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: व्हावी, आणि २०२६ मध्येच व्हावी. मार्च २०२५ मध्ये जपानच्या बॉक्सिंग पुरस्कारांच्या कार्यक्रमात इनोउएने सगळ्यांसमोर नाकातानीला सांगितलं होतं की वर्षभराने टोकियो डोममध्ये लढू. २०२५ संपताना दोघं ३२-०, म्हणजे ३२ जिंकल्या, एकही हरले नाहीत, आणि दोघं जपानी. अशी जोड दहा वर्षांत एकदा लागते आणि ती टाळत बसलं की दोन्हीकडची रग जाते.

नाकातानीचं त्या रात्री अवघड झालं हे खरंय. दोन जजेसनी ११५-११३ दिले, तिसऱ्याने ११८-११०, आणि तो तिसरा आकडा मला अजूनही पटलेला नाही. डोळा सुजला होता पोराचा. पण का झालं ते बघा. बँटमवेट या खालच्या वजनगटातले दोन बेल्ट सोडून तो इनोउएच्या वजनगटात वर आला, तिथली पहिलीच फाइट, आणि लांब हात असताना जवळ उभं राहून मारामारी करत बसला. १७३ सेंटीमीटर उंची आहे, इनोउए १६५. त्याने लांबून खेळायला हवं होतं. पंधराव्या वर्षी घर सोडून लॉस एंजेलिसला शिकायला गेलेला मुलगा आहे तो, एका वाईट रात्रीवरून त्याला मोडीत काढू नका.

इनोउएला धोका आहे तो डाव्या हाताचाच. नेरी डावखुरा होता, नाकातानी डावखुरा, आणि नाकातानीचा डावा लांबून सरळही येतो आणि खालून हनुवटीवरही येतो. इनोउए कार्डेनाससमोर उतरला होता तसा उतरला तर पडेल, आणि नाकातानी पडलेल्याला सहसा सोडत नाही. नागोयासारखा उतरला तर मी इनोउएला पॉइंट्सवर धरतो, तेही थोडक्यात, ७-५ राऊंड. नॉकआऊट होईल असं मला वाटत नाही.

प्रश्न: त्यापेक्षा इनोउए वरच्या फेदरवेट गटात जाऊन पाचव्या वजनगटातलं टायटल का नाही घेत?
– एक वाचक, पुणे

उत्तर: घाई नको. ४९ किलोला पहिला वर्ल्ड टायटल जिंकलेला माणूस आज ५५ किलोवर आहे, आणि फेदरवेटला राफाएल एस्पिनोझासारखा १८५ सेंटीमीटरचा गडी उभा आहे. अमेरिकेच्या बॅम रॉड्रिग्जबद्दलपण बरेच जण विचारतात, पण तो २०२५ च्या अखेरीस इनोउएच्या दोन वजनगट खाली होता. आधी नाकातानी, बाकी सगळं नंतर.

प्रश्न: माझा मुलगा १२ वर्षांचा आहे, सहा महिन्यांपासून बॉक्सिंग शिकतो. त्याला फक्त नॉकआऊटचे व्हिडिओ आवडतात. इनोउएची कोणती फाइट दाखवू?
– एक आई, नाशिक

उत्तर: ताई, दोन दाखवा. आधी नेरीची. पाडल्यावर इनोउए लगेच धडपडून उठला नाही, एका गुडघ्यावर बसून राहिला, रेफरीचे आठ आकडे मोजून होईपर्यंत थांबला, डोकं जागेवर येऊ दिलं आणि मग उभा राहिला. हे तुमच्या मुलाने दहादा बघावं, कारण लहान पोरं लाजेपोटी पटकन उठतात आणि परत मार खातात. मग सहाव्या राऊंडमध्ये नेरीचं काय होतं ते त्याला बघू द्या, नॉकआऊटची हौस तिथं भागेल.

त्यानंतर नागोयाची. एक राऊंड टीव्हीचा वरचा अर्धा भाग उशीने झाका आणि त्याला फक्त चार पाय बघू द्या. इनोउएचा पुढचा पाय कधी आत येतो, कधी बाहेर जातो ते मोजायला सांगा, आणि दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये सरांना ते करून दाखवायला लावा.